कोरड्या ओहळाचा फोटो

गावाचं नाव तेवढं लिहू नका ताई, बाकी सगळं लिहा. खरवई सोडली की डोंगराकडे एक रस्ता आत वळतो, पूर्वी नुसती गाडीवाट होती, आता दोन्ही बाजूंना बिल्डरचे बोर्ड लागलेत, त्या रस्त्याच्या शेवटाला आमचं गाव. जन्म तिथला, चौथीपर्यंतची शाळा तिथली, पुढची बदलापूरला, चालत. वडील भात करायचे, भातानंतर वाल, वाल निघाला की हात रिकामे, मग वीटभट्टीवर जायचे, आणि घरी आले की मला एकच सांगायचे, रघ्या, तू मातीत हात घालू नकोस, तू कंपनीत जा. म्हणून मी कंपनीत गेलो. अंबरनाथला, मोरिवलीच्या अंगाला, नट-बोल्ट बनायचे तिथे मशीनवर लागलो. मोरिवली पण आमच्यासारखंच गाव हो, देऊळ आहे, पार आहे, फक्त देवळाच्या मागे डोंगर असायचा तिथे कंपन्यांच्या चिमण्या आहेत. मी जेवणाच्या सुट्टीत त्या पारावर डबा खायला बसायचो आणि मनात यायचं, आपलं गाव अजून तसं राहिलंय, बरं आहे.

मी कमी बोलणारा माणूस. सुरेखा, म्हणजे आमची मंडळी, ती सगळ्यांना सांगते, यांच्या तोंडाला कुलूप आहे आणि किल्ली यांनीच गिळलीय. खरं आहे ते. आज एवढं बोलतोय ते तुम्ही विचारलंत म्हणून नाही, मला आता ते पोटात ठेववत नाही म्हणून. तुम्ही विचारलंत की अनुदान आलं तेव्हा गावातल्या स्वयंसेवकांचं काय झालं. काय सांगू तुम्हाला. स्वयंसेवक हा शब्दच आमच्याकडे नव्हता त्याआधी. होता तो फक्त बंधारा.

तर बंधाऱ्याचं आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. गावाच्या खालच्या अंगाला ओहळ आहे. पावसात त्याच्याजवळ जायची कोणाची हिंमत नाही, आणि शिमग्याला बघाल तर नुसते गोटे. मधल्या दिवसांत, भातकापणी उरकली की, तो मांडीएवढा, मग गुडघ्याएवढा, मग घोट्याएवढा होत जातो. तेव्हाच रिकाम्या गोणींत माती भरायची, तोंडं शिवायची, आणि ओहळात आडवी भिंत रचायची, की पाणी मागे तुंबतं, विहिरींना पाझर लागतो, आणि पाटाने खालच्या वाफ्यांना जातं, मुळा, मेथी, वालपापडी, गवार, उन्हं कडक होईस्तोवर चालतं. दर पावसात ती भिंत वाहून जाते आणि दर वर्षी नवी बांधायची. फक्त उशीर करायचा नाही. ओहळ बारीक झाल्यावर भिंत उभी राहते हो, पण अडवायला पाणी नसतं. हे आमच्याकडे शेंबडं पोरगंही सांगेल.

पहिली गोण ठेवायची ती चांगुणाकाकीने. माझी चुलती ती, वडिलांच्या धाकट्या भावाची बायको, काका लवकर गेले, मूलबाळ नाही. तिचे वाफे पाटाच्या अगदी शेवटाला. सगळ्यांचं भागून जे येईल ते तिला. म्हणून गावाने कधीतरी ठरवून टाकलेलं की ज्याला पाणी शेवटी मिळतं त्याने पहिली गोण ठेवायची. मग तिच्यामागे बाकीचे. दुपारी प्रत्येक घरातून तांदळाच्या भाकऱ्या यायच्या, सुकटीची चटणी, वालाचं बिरडं, सगळं एका चादरीवर एकत्र करायचं, आणि नियम काय, तर आपल्या घरची भाकरी आपण खायची नाही. दुसऱ्याची खायची. मग कोणाच्या भाकरीला पापुद्रा आला नाही, कोणाची सून अजून माहेरच्यासारखं तिखट करते, यावर हसणं. नवीन लग्न झालं तेव्हा सुरेखाच्या भाकरीवरून काकी बोलली होती, रघू, ही भाकरी गोनीत घाल, पानी अडल. सुरेखा तीन दिवस माझ्याशी बोलली नाही, जसं काही मीच बोललो होतो.

गोण्या आणायचं काम माझं. का, तर मी कंपनीतला, मला उल्हासनगर माहीत. आणि सुरेखा तिकडच्या कारखान्यातून जीन्सचे धागे कापायचं काम घरी आणायची, त्यामुळे येणं-जाणं होतंच. तिथे एक दौलतसेठ म्हणून होते, सिंधी, बारदानाचे व्यापारी, म्हणजे रिकाम्या पोत्यांचे, साखरेच्या, डाळीच्या, सिमेंटच्या. पहिल्यांदा मी विकत घ्यायला गेलो होतो. कशाला पाहिजे विचारलं, मी सांगितलं पाणी अडवायला. सेठ बोलले, साईं, पानी का पैसा लेगा दौलत? उठा ले. त्या वर्षापासून दर दिवाळीनंतर मी टेम्पो घेऊन जायचो, सेठ गठ्ठा बाजूला काढून ठेवायचे, मी काकीच्या वाफ्यातला मुळा आणि मेथी घेऊन जायचो. सेठ मुळ्याचा वास घ्यायचे आणि पोराला हाक मारायचे, देख, ये अपने बोरे का मूला है.

असं सगळं चाललेलं. मग कंपनी बंद झाली.

बंद झाली म्हणजे एक दिवस गेटवर कागद लागला आणि दुसऱ्या दिवशी वॉचमन पण ओळख दाखवेना. माझी मुलगी तेव्हा कॉलेजात जायची होती. मी खरवईच्या टॉवरमध्ये सिक्युरिटीचं करून बघितलं, पण माझ्याच गावचे लोक दूध टाकायला यायचे आणि मी त्यांना वहीत सही करा सांगायचं, ते मला जमेना. त्याच दिवसांत गावात स्नेहल मॅडम आल्या.

अंबरनाथच्या त्या, वडील एका कंपनीत ऑफिसर होते, सुशिक्षित घर. एका संस्थेत नोकरीला होत्या, स्कूटीवरून यायच्या, हेल्मेट काढलं की केस सगळे उभे. मला बोलल्या, भाऊ, मॅडम नका बोलू, स्नेहल बोला. मला जमलं नाही ते. त्यांनी बंधारा बघितला, चादरीवर बसून जेवल्या, काकीने त्यांना सुरेखाची भाकरी दिली मुद्दाम, त्या बोलल्या किती छान, काकी बोलली, शहरातली हाय, तिला काय कलतं. हसलो आम्ही. मग मॅडम बोलल्या, भाऊ, तुम्ही हे इतकी वर्षं फुकट करताय, आमच्याकडे एक मोठी देणगी देणारी कंपनी आहे, आपण प्रस्ताव करूया. पहिल्या वर्षी गोणींचा बंधारा त्यांच्या पद्धतीने करून दाखवायचा, नीट झालं तर दुसऱ्या वर्षी पक्का बंधारा, सिमेंटचा. आणि गावातला एक समन्वयक लागेल, त्याला मानधन मिळेल.

पक्का बंधारा. ताई, हा शब्द ऐकला आणि माझ्या डोळ्यांसमोर काकी आली, वाकलेली, गोण ओढत असलेली. हे मी खरं सांगतो, पुढे जे केलं त्याला पांघरूण म्हणून नाही. मला वाटलं, म्हातारीच्या हयातीत एकदा पक्का झाला पाहिजे. आणि मानधन पण दिसलं, ते पण सांगतो. आणि आणखी एक सांगायचं तर, कंपनी सुटल्यापासून मला कोणी काही विचारत नव्हतं, आणि आता मला एक पिशवी मिळाली, गळ्यात अडकवायचं कार्ड मिळालं, त्याच्यावर माझा फोटो. मी घरात आरशासमोर घालून बघितलं. सुरेखाने बघितलं मला बघताना, आणि परत धागे कापायला बसली, ते जास्त लागलं.

प्रस्तावाचं काम सुरू झालं आणि पहिल्याच पानावर गाडं अडलं. त्यात विचारलेलं, लाभार्थी कोण आणि स्वयंसेवक कोण. मी काकीला विचारायला गेलो. ती मेथीच्या जुड्या बांधत होती. बोलली, गोन उचलते तवा मी एक, पानी घेते तवा दुसरी, तुला काय लिवायचं ते लिव. पण एक माणूस दोन्हीकडे लिहिता येत नव्हतं. मॅडमनी वरच्या ऑफिसला फोन करून विचारलं पण, नाही बोलले. मग ज्यांचे वाफे ओहळाला लागून ते लाभार्थी, आणि ज्यांचं शेत नाही किंवा वर आहे ती तरणी मंडळी स्वयंसेवक. स्वयंसेवकांना टी-शर्ट, टोपी आणि मानधन. लाभार्थींना काही नाही, त्यांना पाणी मिळणार ना. आता बघा, कालपर्यंत आम्ही सगळे चिखलात एकसारखे दिसायचो. त्या दिवसापासून गावात दोन जातीच झाल्या समजा. ज्याचं नाव टी-शर्टाच्या यादीत नाही तो बोलायला लागला, मी कशाला येऊ, मला काय मिळणार. हे वाक्य आमच्या ओहळावर कधी कोणी बोललं नव्हतं. बोलणारा वाईट नव्हता हो. शेजाऱ्याला त्याच घामाचं काही मिळतंय आणि आपल्याला नाही, तर माणूस विचारणारच.

मग गोण्या. मॅडम बोलल्या, भाऊ, तीन ठिकाणांहून भाव मागवायचे, आणि जीएसटीचं बिल लागेल, फुकटच्या वस्तूचा खर्च दाखवता येत नाही. मी गेलो सेठकडे. किती वेळ चहाच पीत बसलो. शेवटी बोललो, सेठ, इस बार बिल चाहिए. सेठना आधी कळलं नाही. मग कळलं. कपाळावरचा चष्मा खाली घेतला. बोलले, रघुभाऊ, सेवा का बिल बनाऊंगा तो सेवा कहां रही? पैसा मिल रहा है तुमको, अच्छी बात है, लेकिन फिर दूसरी दुकान से लो. रागावले नाहीत. मुळा पण घेतला. पण पोराला हाक मारली नाही, गल्ल्याच्या बाजूला ठेवून दिला. गोण्या मी दुसऱ्या दुकानात ठरवून ठेवल्या, बिलासकट, कोऱ्या, छापलेल्या, मंजुरी आली की उचलायच्या.

इतकं सगळं झालं आणि मंजुरी काही येईना. कापणी झाली, मंजुरी नाही. तुळशीची लग्नं झाली, मंजुरी नाही. मी रोज मॅडमना फोन करायचो, त्या बिचाऱ्या रोज वर फोन करायच्या, आणि वरचे त्यांच्या वरच्यांना. त्यांनी मला आधीच सांगून ठेवलेलं, भाऊ, मंजुरीच्या आधी केलेलं काम धरत नाहीत, आणि सुरुवातीला ओहळाचा आधीचा फोटो लागतो, तारीख आणि ठिकाण मोबाइलमध्ये आपोआप येतं. मी गावाला सांगितलं थांबा. ओहळ गुडघ्याखाली आला. थांबा. घोट्याकडे निघाला. तेव्हा काकी माझ्या दारात येऊन उभी राहिली, कमरेवर हात. बोलली, पानी थांबतंय का तुज्या कागदाला? आणि गेली सुद्धा. दुसऱ्या दिवशी तिने आणि खालच्या वाफेवाल्यांनी जुन्या फाटक्या गोण्या, खताच्या पिशव्या, जे मिळेल ते भरलं आणि बंधारा घातला. टी-शर्टवाली मंडळी काठावर बसून होती, त्यांना मी थांबा सांगितलेलं ना. मी पण गेलो नाही. घराच्या ओट्यावर बसून आवाज ऐकत होतो, आणि खोटं कशाला बोलू, मनातून बरं वाटलं होतं. पाणी तर अडलं. पुढचं पुढे.

पुढचं लगेच आलं. मार्गशीर्षात मंजुरी आली. मॅडमचा फोन, आवाजात नुसता आनंद, भाऊ झालं आपलं, देणगी देणारे साहेब पुढच्या आठवड्यात येतायत, तेव्हा काम चालू दिसलं पाहिजे, तुम्ही तेवढा आधीचा फोटो पाठवून ठेवा. मी बोललो, हो. बंधारा घातलाय हे मी त्यांना सांगितलंच नाही. तिथे मी सांगायला पाहिजे होतं. त्या काहीतरी करत्या, भांडत्या वरच्यांशी, किंवा नसत्या करू शकल्या, पण मी सांगायला पाहिजे होतं. मी बोललो, हो, पाठवतो.

खरवईला त्या दिवशी आमच्या भावकीतली हळद होती, सगळं गाव तिकडे. मी पोट बिघडलं सांगून मागे राहिलो. भर दुपारी ओहळावर गेलो. पाणी काय दिसत होतं ताई, वरपर्यंत, त्यात डोंगर उलटा पडलेला. मी ठरवलेलं, सगळा नाही काढायचा, मधल्या वरच्या थोड्या गोण्या काढायच्या, पाणी उतरेल, वाफ्यांपुरतं राहील, फोटो अशा बाजूने घ्यायचा की भिंत दिसायला नको. एवढंच. पहिली गोण काढली. दुसरी काढली. पाणी त्या खिंडीतून निघालं, छान बारीक धार होती. मी तिसरीला हात घातला आणि ती आलीच नाही, ओढली, तर बाजूच्या दोन तिच्याबरोबर सरकल्या, आणि मग माझ्या हातात काही राहिलं नाही. फाटक्या गोण्या त्या, माती विरघळली, मधला सगळा भाग एकदम गेला. मी पाण्यात आडवा उभा राहिलो. माणसाने पाणी अडतं का? मला ढकलून गेलं ते. भांडी घासायच्या आवाजासारखा आवाज होता, गोटे एकमेकांवर. थोड्या वेळात सगळं निवांत झालं, ओहळात खेकडे उघडे पडून इकडेतिकडे पळत होते, आणि मी भिजलेला, मोबाइल वर काठावर शर्टात गुंडाळून ठेवलेला, तो घेतला आणि फोटो काढला. फोटो चांगला आला. तेच सांगतोय, फोटो एकदम चांगला आला.

संध्याकाळी लोक परत आले, आणि ओहळावर गलका झाला. मी आपला घरात. काकी आली, बाकीचे आले. काय झालं रे रघू? आणि माझ्या तोंडातून, ज्या तोंडातून कधी शब्द निघत नाही त्याच्यातून, सरळ निघालं, वरून आदेश आला, मॅडमने सांगितलं फोडायला, नाहीतर पक्का बंधारा मिळणार नाही. असं. एका दमात. कोणी फोडा बोललं नव्हतं मला. फोटो लागेल एवढंच बोललेलं. बाकीचं माझ्या मनाने.

मग ते साहेब आले. बॅनर, टोप्या, कोऱ्या गोण्या, अल्पोपहार म्हणून बदलापूरहून समोशांची पाकिटं, नावावर मोजून. बंधारा पुन्हा रचला, ओहळाला धार उरली होती ती करंगळीएवढी. पहिली गोण साहेबांनी ठेवायची होती, फोटोसाठी. काकी सवयीने पुढे आली होती, गोण धरून, कोणीतरी बोललं आजी जरा बाजूला व्हा. ती बाजूला झाली. तिच्या काखेत फडक्यात भाकऱ्या होत्या. चादर कोणी अंथरलीच नव्हती. साहेब वाईट माणूस नव्हते, त्यांनी खरंच बूट काढले, खरंच गोण उचलली, जाताना सगळ्यांना हात जोडले. पण काकी भाकऱ्या तशाच घेऊन घरी गेली, हे मी बघितलं. मॅडमना काकीने पाणी पण विचारलं नाही. मॅडम मला हळूच बोलल्या, भाऊ, आजी रागावल्यात का? मी बोललो, वय झालं मॅडम.

त्या वर्षी पाटाच्या शेवटाला पाणी पोचलंच नाही. काकीची वालपापडी फुलावर होती, तशीच करपली. ती खरवईच्या टॉवरमध्ये लाद्या पुसायला जाऊ लागली. मी जिथे वॉचमन होतो त्याच टॉवरमध्ये. जाताना माझ्या दारावरून जायची, हाक मारायची, रघू, येते रे. मला वाटायचं हिने शिव्या द्याव्यात. ती शिव्या मॅडमना द्यायची. देवळाच्या ओट्यावर बसून, बोटं मोडून, त्या पोरीचं कधी भलं व्हायचं नाय. आणि मी तिथेच बसलेलो असायचो.

आणि पक्का बंधारा? पुढच्या वर्षी देणगी देणाऱ्यांचा विषय बदलला. आता मोबाइलवरून व्यवहार कसे करायचे ते शिकवायला पैसे होते, पाण्याला नव्हते. मॅडमची नोकरी त्या कामावरच होती, ती पण गेली. कापणीनंतर मी घरोघरी गेलो, चला, आपला बंधारा घालूया. तरणी पोरं बोलली, काका, यंदा मानधन आहे का? वाफेवाले बोलले, पुन्हा वरून आदेश आला तर? त्या वर्षी बंधारा झाला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी पण नाही. माझ्या आठवणीत ओहळ असा उघडा कधी गेला नव्हता.

यंदा गणपतीच्या आधी सुरेखाबरोबर उल्हासनगरला बाजारात होतो, तर समोरून स्नेहल मॅडम. आता एका विम्याच्या ऑफिसात आहेत. भेटल्या, मुलीचं विचारलं, मग थोड्या थांबल्या आणि बोलल्या, भाऊ, एक विचारू? तुमच्या गावचं कोणीतरी भेटलं होतं, बोललं की मी बंधारा फोडायला लावला. मी खूप आठवून बघितलं. मी त्या दिवसांत इतकी धावपळीत होते, वरून रोज ओरडा, मी काहीही बोलले असेन. मी खरंच बोलले होते का हो तसं? इतकी वर्षं मला आजींचं तोंड आठवतं.

ताई, त्यांनी माझ्यावर आरोप केला असता तर मी सहन केलं असतं. त्या स्वतःवर संशय घेत होत्या. माझं खोटं त्या खरं म्हणून सांभाळत होत्या, इतके दिवस. मी भर बाजारात, हातात नारळाची पिशवी, बोललो, नाही मॅडम, तुम्ही नव्हता बोललात, मीच फोडला, मीच तुमचं नाव घेतलं. त्यांनी डोळे पुसले, बरं झालं सांगितलंत बोलल्या, आणि गर्दीत गेल्या. सुरेखाला तेव्हाच कळलं सगळं. घरी आल्यावर बोलली, किल्ली सापडली वाटतं. आता काकीकडे जा.

गेलो. लगेच नाही, कापणी झाल्यावर देवळाच्या ओट्यावर सगळे बसतात, तिथे सगळ्यांसमोर सांगितलं. कोणी उठून गेलं, एक जण बोलला, आता कशाला सांगतोस, पाणी परत येणारे का? बरोबर होतं त्याचं. काकी बोलली, फोडलास त्याचं काय नाय. तुजी पोर शिकायची होती, मना कलत होतं. पन मना विचारायचं होतंस ना रे. मीच दोन गोनी काडून दिल्या असत्या, आदी वाफे भिजवून घेतले असते, मंग काडू दिला असता तुजा फोटो. तू पोटात दुखतंय सांगून घरात ऱ्हायलास, मी तिकडून तुला लाडू आनला होता. मग पदर तोंडाला लावला आणि बोलली, आनि त्या पोरीला मी शिव्या दिल्या त्या कशा परत घेऊ? देवासमोर बसून दिल्या मी. तिला बोलव.

यंदा बंधारा घालायचाच म्हणून गोण्या मागायला उल्हासनगरला सेठकडे गेलो. सेठ आता थकलेत, पोरगाच बसतो, पण होते ते आत खाटेवर. मला बघितलं आणि तिथूनच बोलले, रघुभाऊ, बिल चाहिए क्या? मी मान खाली घातली. बोलले, अरे साईं, मजाक किया, और मूला किधर है? मी बोललो, सेठ, मुळा नाही, पाणी नव्हतं. सेठनी पोराला हाक मारली, गठ्ठा निकाल.

बंधाऱ्याच्या दिवशी फार लोक आले असं सांगणार नाही. निम्मे पण नाही. तरण्या पोरांतला एकच आला, जुना टी-शर्ट घालून, उलटा करून. मॅडम येतील असं मला वाटलं नव्हतं, मी फोन केलेला तेव्हा बघते बोलल्या होत्या. पण आल्या, रविवार होता, स्कूटी वर रस्त्याला लावून काठावर उभ्या राहिल्या, पुढे येऊ की नको अशा. काकी ओहळात होती, पहिली गोण तिच्या पुढ्यात, अजून ठेवली नव्हती. तिने मॅडमकडे बघितलं. माफी-बिफी काही नाही. बोलली, चप्पल काड नि ये, एकटीला उचलत नाय आता. दोघींनी मिळून ठेवली ती गोण. नंतर चादर अंथरली तेव्हा काकीने स्वतःची भाकरी त्यांच्या पुढे ठेवली, आणि खा, माजी बाय, एवढंच बोलली, पण दोनदा बोलली.

सगळं पूर्वीसारखं झालं असं नाही. काकी अजून सकाळी टॉवरला जाते. माझ्याशी बोलायचं बंद केलेले दोघे-तिघे आहेत, त्यांचं बरोबर आहे. पाटाच्या शेवटाला पाणी परवा पोचलं, थोडंच, काकीने एक वाफा मेथीचा टाकलाय, बाकीचं रान पुढच्या वर्षी, जगले तर, बोलली. गोण्या मध्ये एका ठिकाणी झिरपतात, तिथे मी रोज जाऊन चिखल लावतो.

आणि तुम्ही मघाशी यंदाच्या बंधाऱ्याचा फोटो मागितलात ना, तो नाही. कोणीच काढला नाही, कोणाला आठवलंच नाही. पाणी आहे, या खालच्या अंगाला. चला, दाखवतो. चप्पल तेवढी काढावी लागेल.